लेप धरतो कुठे? कार्बन फायबरचा पृष्ठभाग आणि त्यावरचं सिरॅमिक कोटिंग

कार्बन फायबर तापल्यावर हवेत जळू नये म्हणून त्यावर सिरॅमिकचा लेप देतात. तो नीट बसला नाही की आपल्याकडे पहिला संशय भट्टीवर जातो. मग भट्टीतल्या आर्गॉन वायूवर, मग सोलच्या (म्हणजे ज्या द्रवात तंतू बुडवून लेप देतात त्याच्या) कृतीवर. तंतूकडे कोणी बघतच नाही. कारण सगळे तंतू सारखेच काळे दिसतात. खरं तर तोच सोल आणि तीच भट्टी वापरून दोन वेगळ्या जातींच्या तंतूंवर दोन वेगळे लेप बसतात, आणि तो फरक भट्टी पेटवण्याआधीच ठरलेला असतो.

हा लेख लिहिलाय तो बडोद्यात एम.टेक., पीएच.डी. किंवा छोट्या कारखान्यात या कामाला हात घालणाऱ्यांसाठी. 1890 साली सयाजीरावांनी सुरू केलेल्या कलाभवनाच्या आवारात आज विद्यापीठाची तंत्रशाखा आहे. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या तंत्रज्ञानावर कार्बन फायबर बनवणारा कारखानाही 2010 मध्ये इथे जवळच सुरू झाला होता. म्हणजे हा विषय गावाला नवा नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि पृष्ठभागाची रासायनिक सक्रियता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो.

उत्तरायणाआधी मांजा सुतणाऱ्यांना यातला पहिला भाग कोणी शिकवावा लागत नाही. सुती दोऱ्याला लूस असते म्हणून काचेची लुगदी धरते, गुळगुळीत नायलॉनवरून ती निसटते. कार्बन तंतूच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही.

पॅन म्हणजे पॉलिॲक्रिलोनायट्रिलपासून केलेल्या तंतूंचा व्यास 5 ते 7 मायक्रॉन असतो. टी-300 हा तंतू ओल्या कताईचा, म्हणून त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक पन्हळी असतात, काही दहा नॅनोमीटरपासून शंभरेक नॅनोमीटर खोल. टी-700 चं द्रावण आधी हवेच्या छोट्या फटीतून आणि मग द्रवात उतरतं. तो जवळजवळ गुळगुळीत असतो. दोघांचा व्यास 7 मायक्रॉन, ताठरताही सारखी, 230 गिगापास्कल. वर्णनपत्र वाचून दोघांत ताकदीपलीकडे फारसा फरक वाटत नाही, पण लेपाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत.

आता सक्रियता. तंतूच्या आत ग्रॅफाइटसारखे पापुद्रे असतात, पण नीट रचलेले नाहीत, एकमेकांवर वेडेवाकडे सरकलेले. अस्सल ग्रॅफाइटमध्ये दोन पापुद्र्यांतलं अंतर 0.3354 नॅनोमीटर असतं, टी-300 सारख्या तंतूत ते 0.34 च्या पुढे जातं. पापुद्र्याचा सपाट भाग रासायनिकदृष्ट्या मठ्ठ असतो, त्याला काही चिकटत नाही. सगळी देवघेव होते ती पापुद्र्याच्या कडेवर. ऑक्सिजनचे गट (हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल) तिथेच बसतात आणि लेपाचा पहिला कणही बहुधा तिथेच रुजतो.

एम-40 सारख्या उच्च ताठरतेच्या तंतूत, जास्त तापमानाच्या संस्कारामुळे, बाहेरच्या थरातले पापुद्रे पृष्ठभागाला समांतर निजलेले असतात. वर येते ती बहुतेक सपाट बाजू. तो खडबडीत दिसला तरी मठ्ठच. उलट पिचपासून केलेल्या, चाकाच्या आऱ्यांसारखी आतून बाहेर रचना असलेल्या तंतूत कडा थेट पृष्ठभागावर उघड्या पडतात. तो दिसायला साधा असला तरी लेप पटकन धरतो.

पन्हळींबद्दल आणखी एक मुद्दा, जो बऱ्याच प्रबंधांत निसटतो. त्या तंतूच्या लांबीलाच समांतर धावतात. म्हणून त्या लेपाला गोल फिरू देत नाहीत आणि संपर्काचं क्षेत्र वाढवतात, पण लांबीच्या दिशेने लेप घसरायला लागला तर पन्हळी त्याला अडवत नाहीत, उलट रुळासारख्या वाट करून देतात. त्या दिशेची पकड येते ती कडांवरच्या रासायनिक बंधांतून आणि पन्हळीच्या अंगावरच्या आणखी बारीक, दोन-चार नॅनोमीटरच्या खरखरीतून. ‘तंतू खडबडीत आहे, लेप धरेल’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं.

सायझिंग काढणं

बाजारातून आलेल्या तंतूवर साधारण एक टक्का वजनाचं सायझिंग असतं, बहुतेक वेळा एपॉक्सीचं. हाताळताना तंतू फिसकटू नयेत म्हणून ते लावतात. ते तसंच ठेवून लेप दिला तर लेप तंतूवर नव्हे, एपॉक्सीवर बसतो, आणि एपॉक्सी जळताना त्याला घेऊन जाते.

टोचा (म्हणजे हजारो तंतूंच्या जुडीचा) तुकडा कापा, 110 अंशांवर सुकवा, वजन करा. 3के टो म्हणजे तीन हजार तंतू, एका मीटरचं वजन जेमतेम 0.2 ग्रॅम. त्यामुळे चार दशांश स्थळांचा काटा हवाच, आणि तुकडा निदान दोन-तीन मीटरचा. मग सॉक्सलेटमध्ये (उकळून थंड केलेला द्रव पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) ॲसिटोनने एक दिवसभर धुवा. त्यानंतर आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये 400 ते 450 अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा. फक्त तापवूनही सायझिंग जातं, पण निष्क्रिय वायूत त्याचा काही भाग कोळशाच्या साईसारखा मागे उरतो. हवेत तापवलं तर साय जाते आणि सोबत तंतूही खरवडला जातो. म्हणून आधी ॲसिटोन, मग उष्णता, हाच क्रम ठेवा.

पुन्हा वजन करा. घट पुरवठादाराने दिलेल्या सायझिंगच्या आकड्याशी जुळली पाहिजे. बरीच कमी असेल तर काम झालेलं नाही.

बडोद्याच्या मे महिन्यात पारा 42 च्या आसपास असताना 56 अंशांना उकळणारं ॲसिटोन दिवसभर फिरवायचं म्हणजे कंडेन्सरला बर्फाचं पाणी लागतं. टाकीचं पाणी तेव्हा गरमच असतं.

इथेच दोन सावधगिरीच्या गोष्टी. सुटे कार्बन तंतू वीज वाहतात. भट्टीच्या कंट्रोलरमध्ये किंवा संगणकाच्या पंख्यात गेले तर शॉर्ट होतो. कापण्याचं काम पंखा बंद करून, ओल्या कागदावर करा. आणि ॲसिटोनचा किंवा अल्कोहोलचा थेंबही शिल्लक असताना तो टो नायट्रिक ॲसिडमध्ये घालू नका, स्फोट होऊ शकतो. दोघांच्या टाकाऊ द्रवाच्या बाटल्याही एकाच कपाटात नकोत.

तंतूची ओळखपरेड

एसईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) स्लॉट मिळेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. सेंटिमीटरभर लांबीचे मोकळे तंतू स्वच्छ पाण्यावर सोडा. कार्बनची घनता 1.76 च्या आसपास, म्हणजे पाण्यात बुडायलाच हवेत. तरीही सायझिंग काढलेले, प्रक्रिया न केलेले तंतू बऱ्याचदा तरंगत राहतात, कारण पाणी त्यांना भिजवत नाही. पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट आले की ते बुडू लागतात. ही चाचणी फुकटची आहे आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर करता येते.

उपकरणं मिळत असतील तर एसईएममध्ये पन्हळी पाहा, पाच-दहा हजारपट मोठं करून, तंतू किंचित तिरका ठेवून. रामन वर्णपटात 1350 आणि 1580 (प्रति सेंटिमीटर) च्या आसपासच्या दोन शिखरांचं गुणोत्तर काढा. पहिलं शिखर जितकं वरचढ तितका विस्कळीतपणा आणि कडा जास्त. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं मोजणाऱ्या चाचणीत) ऑक्सिजन आणि कार्बनचं प्रमाण मोजा. फक्त एकच चाचणी परवडत असेल तर मी एक्सपीएस निवडेन. पन्हळी तंतूच्या जातीवरून आधीच कळलेल्या असतात, पृष्ठभागावरचा ऑक्सिजन मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

पृष्ठभागावर प्रक्रिया: किती, आणि करावी का

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे तीव्र नायट्रिक ॲसिड, 65 ते 68 टक्क्यांचं, 60 ते 80 अंशांवर, फ्यूम हूडमध्ये. तपकिरी धूर विषारी असतो, हूडची काच खाली ओढूनच काम करा. अर्धा तास, एक तास, दोन तास असे तीन नमुने एकदमच लावा, एकावर विसंबू नका. सुरुवातीला कडांवर गट वाढतात. पुढे ॲसिड पृष्ठभागावर खड्डे पाडू लागतं, आणि ठिसूळ तंतूची ताकद सर्वांत मोठ्या खड्ड्यावर ठरते. दोन तासांच्या तंतूवर लेप उत्तम बसला आणि तंतूच एवढा दुबळा झाला की तो लेप कोणासाठी, असा प्रकार नेहमीचा आहे.

धुणं हा या टप्प्याचा निम्मा भाग समजा. ॲसिडने पोखरलेल्या कार्बनचे बारीक अवशेष पृष्ठभागावर चिकटून राहतात. त्यांवर भरपूर ऑक्सिजन असतो, म्हणून एक्सपीएसचा आकडा छान दिसतो, पण लेप त्यांना धरून बसला तर त्यांच्यासकट निघतो. गरम डीआयोनाइज्ड पाण्याने, मग पातळ अमोनियाने, मग पुन्हा पाण्याने, धुतलेलं पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. नळाचं पाणी शेवटच्या धुण्यालाही नको. त्यातले सोडियम आणि कॅल्शियमचे क्षार कार्बनच्या ज्वलनाला उत्प्रेरक ठरतात. ज्याला जळण्यापासून वाचवायचं त्यालाच आपण काडी लावून ठेवतो.

आता ‘करावी का’. ऑक्सिजनचे गट उष्णतेत टिकत नाहीत. कार्बोक्सिल गट साधारण 200 ते 600 अंशांच्या पट्ट्यात कार्बन डायऑक्साइड होऊन जातात, फिनॉल आणि कार्बोनिल त्यानंतर 1000 अंशांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड होऊन. मिथिलट्रायक्लोरोसिलेनच्या वाफेतून 1000 ते 1200 अंशांवर सिलिकॉन कार्बाइड बसवायचं असेल, तर पहिला कण बसेपर्यंत तुमचे कष्टाचे गट उडून गेलेले असतात. उरतात त्या उघड्या पडलेल्या कडा आणि खड्डे. सोल-जेलमध्ये बंध खोलीच्या तापमानाला किंवा सुकवतानाच जुळतात, तिथे प्रक्रियेचा पूर्ण फायदा मिळतो. त्यामुळे वाफेच्या मार्गासाठी हलकी प्रक्रिया किंवा अजिबात नाही, आणि सोलच्या मार्गासाठी मध्यम, असं माझं मत आहे.

सोलचा मार्ग

सिलिकासाठी टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, इथेनॉल, पाणी आणि थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड. मोलच्या हिशेबात 1 : 4 : 4 : 0.01 पासून सुरुवात करा, काही तास ढवळा आणि मग इथेनॉलने चांगलं पातळ करा. आम्लात लांबट साखळ्या तयार होतात, त्या तंतूवर पडदा धरतात. अमोनिया वापरला तर गोल कण तयार होतात आणि तंतूवर साबुदाणा सांडल्यासारखं दिसतं.

विद्युतभाराकडे लक्ष द्या. ऑक्सिजन चढवलेला तंतू पाण्यात ऋणभारित असतो. सिलिकाचे कण सामू 2 च्या वर ऋणभारितच, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलतात. ॲल्युमिनाचे बोहमाइट कण सामू 4 च्या आसपास धनभारित असतात, ते तंतूकडे आपणहून ओढले जातात. ॲसिडप्रक्रिया केलेल्या तंतूवर ॲल्युमिना सरस बसतो याचं एक कारण हे. सिलिकाच हवा असेल तर सामू 2 च्या जवळ ठेवा किंवा आधी धनभारित पॉलिमरच्या अगदी पातळ द्रावणात टो बुडवून घ्या.

बुडवताना टो चौकटीवर पसरून बांधा. जुडीत द्रव धरला जातो तो तंतूंमधल्या फटींत, केशाकर्षणाने. पन्हळी असलेल्या तंतूवरून तो लांबीच्या दिशेने भराभर चढतो, टी-300 चा टो टोकाकडून भिजत वर जाताना नुसत्या डोळ्यांना दिसतो. बाहेर काढल्यावर जादा द्रव टिपकागदावर उतरू द्या, हलक्या हवेने तंतू मोकळे करा आणि सावकाश सुकवा. घाई केली की दोन तंतूंमधला द्रव तिथेच घट्ट होऊन पूल बनतो.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सोल बाटलीतच लवकर घट्ट होऊ लागतो, आणि ॲल्युमिनाच्या सोलचा कच्चा माल असलेल्या ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइडची बाटली उघडी राहिली तर संपलीच. शक्य असेल तर सोलचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. नाहीतर एसी असलेली खोली आणि डेसिकेटर (ओलावा शोषणारं बंद भांडं) गाठा.

सुकवणं 80 ते 110 अंशांवर, मग आर्गॉनमध्ये मिनिटाला एक-दोन अंशांच्या वेगाने 500-600 अंशांपर्यंत. आर्गॉन शुद्ध हवा, आणि नळीत तंतूच्या आधी टायटॅनियम स्पंज ठेवा. उरलासुरला ऑक्सिजन तो शोषतो, नाहीतर 450 च्या पुढे ऑक्सिजन तंतूच खातो.

पॉलिमर आणि वाफ

पॉलिकार्बोसिलेन (भाजल्यावर सिलिकॉन कार्बाइड होणारं पॉलिमर) झायलीन किंवा टोल्यूईनमध्ये 5 ते 10 टक्के विरघळवून तंतू बुडवता येतो. सुकवून, 200 अंशांच्या जवळपास हवेत जुळवून, मग आर्गॉनमध्ये 1000 ते 1200 अंशांवर भाजायचं. यात आकसणं प्रचंड आहे. वजनाने साठेक टक्के उरतं आणि घनता 1.1 वरून अडीचच्या पुढे जाते, म्हणजे आकारमान सुमारे पाव उरतं. पन्हळीत साचलेला जाड भाग म्हणून हमखास तडकतो. दहा टक्क्यांचा एक हात देण्यापेक्षा पाच टक्क्यांचे दोन द्या.

वाफेचा मार्ग पन्हळींना इमानाने झाकतो, पण प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर आणि हायड्रोजन दोन्ही सांभाळावे लागतात. त्याची सोय नसेल तर तो नाद सोडा.

तिसरा प्रकार सिलिकॉन मोनॉक्साइडच्या वाफेचा. यात कार्बन येतो तो तंतूतूनच. 100 नॅनोमीटर कार्बाइड बनवायला जवळपास तेवढ्याच जाडीचा कार्बन जातो, म्हणजे 7 मायक्रॉनच्या तंतूचा सुमारे 6 टक्के छेद. विस्कळीत आणि कडा जास्त असलेला पृष्ठभाग इथे जास्त लवकर खाल्ला जातो. इतर मार्गांत जो गुण, तोच इथे अवगुण.

जाडी मोजणं

यासाठी मायक्रोस्कोपची वाट पाहू नका. 7 मायक्रॉनच्या, 1.76 घनतेच्या तंतूवर 100 नॅनोमीटर सिलिकॉन कार्बाइड (घनता 3.2) बसलं तर वजन साधारण 10 टक्क्यांनी वाढतं. तेवढ्याच जाडीच्या भरीव सिलिकाला (2.2) सुमारे 7 टक्के. वाढ त्याहून बरीच जास्त आणि एसईएममध्ये लेप मात्र पातळ, असं दिसलं तर उरलेला माल तंतूंमधल्या पुलांत अडकला आहे.

पॉलिमरपासून केलेल्या कार्बाइडची घनता कमी असते, हिशेबात तीच घाला.

तडे वाचायला शिका

कार्बन तंतू तापला तरी लांबीत वाढत नाही, किंचित आकसतोच. त्याचा प्रसरण गुणांक लांबीच्या दिशेने उणे 0.4 च्या आसपास (दर अंशाला दशलक्षांश), आडवा मात्र बराच मोठा आणि धन. सिलिकॉन कार्बाइडचा साडेचार, ॲल्युमिनाचा आठाच्या जवळ, सिलिकाचा अर्धा. 1000 अंशांवरून थंड होताना कार्बाइडचा लेप तंतूपेक्षा चार-पाच हजारांश जास्त आकसू पाहतो. ठोकळ्यातलं कार्बाइड एक हजारांश ताणालाच तुटतं. पातळ लेप त्याहून जास्त सोसतो, तरी कुठेतरी तडा जातोच.

म्हणून तंतूला वेढणारे, कड्यांसारखे, थोड्या-थोड्या अंतरावरचे तडे दिसले तर ते थंड होतानाचे. सोलच्या कृतीत बदल करून ते जाणार नाहीत. लेप पातळ करा किंवा मध्ये पायरोकार्बन वा बोरॉन नायट्राइडचा मऊ थर द्या.

लांबीला समांतर, पन्हळीच्या वाटेने गेलेले तडे सुकण्याचे किंवा भाजतानाच्या आकसण्याचे. सोल पातळ करा, सुकवणं सावकाश करा.

सालपटं निघत असतील आणि खालचा तंतू स्वच्छ दिसत असेल तर पकडच नाही: सायझिंग उरलं होतं, अवशेष धुतले गेले नव्हते, किंवा पृष्ठभाग मठ्ठ आहे. आडव्या दिशेने तंतू कार्बाइडपेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे थंड होताना तो लेपापासून आत ओढलाही जातो. बंध कमकुवत असतील तर लेप मोकळ्या नळीसारखा राहतो.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलकी वाटते ती जाळण्याची चाचणी. लेप दिलेल्या टोचा छोटा तुकडा ॲल्युमिनाच्या बोटीत ठेवून हवेत 700 अंशांवर पूर्ण जाळा. कार्बन निघून जातो आणि मागे पांढुरक्या किंवा करड्या पोकळ नळ्या उरतात, फुंकरीनेही उडतील इतक्या हलक्या. मोडलेल्या नळीचं तोंड एसईएममध्ये धरलं की आतली भिंत दिसते. टी-300 वरची असेल तर त्या भिंतीवर पन्हळींचा उलटा ठसा असतो, खोलगट जागी उंचवटा. हा ठसा तीक्ष्ण आणि अखंड असेल तर लेप तळापर्यंत पोचला होता. उंचवटे बोथट असतील तर पन्हळीच्या तळाशी हवा किंवा कोळशाची साय अडकली होती. नळ्या उरल्याच नाहीत, नुसते कपचे उरले, तर लेप अखंड नव्हता.

संरक्षण किती मिळालं हे बघायला टीजीएमध्ये (तापवताना वजन मोजत राहणाऱ्या उपकरणात), हवेत, लेपासह आणि लेपाविना दोन्ही नमुने एकाच वेगाने तापवा आणि घट कुठे सुरू होते ते पाहा. ताकदीसाठी एकेरी तंतू कागदाच्या चौकटीवर चिकटवून ओढतात, आयएसओ 11566 किंवा एएसटीएम सी1557 प्रमाणे. पाच तंतूंवरून निष्कर्ष काढू नका. ठिसूळ वस्तूचे आकडे फार विखुरतात, निदान पंचवीस-तीस ओढा आणि तीन नमुने ओढा: मूळ, ॲसिडनंतरचा, लेपानंतरचा. मधला वगळला तर ताकद ॲसिडने गेली की लेपाने, ते कधीच कळणार नाही.

तयार टो गुंडाळण्याआधी एक छोटा हिशेब करा. एकेकटा 7 मायक्रॉनचा तंतू बोटाभोवतीही सहज वळतो. पण पुलांनी जोडलेली जुडी एकाच काडीसारखी वागते. 0.2 मिलिमीटर जाडीची अशी काडी 20 मिलिमीटर त्रिज्येच्या रिळावर वळवली तर बाहेरच्या बाजूला अर्धा टक्का ताण पडतो, म्हणजे लेप तडकायला पुरेसा. त्यामुळे लेप दिलेला टो मोठ्या रिळावर, नाहीतर सरळ काचेच्या नळीत आडवा ठेवा, आणि नळीवर तंतूची जात, लॉट नंबर आणि ॲसिडमधली मिनिटं लिहून चिकटवा.